गाडी कुठली म्हणायची?

जपानात बनलेली गाडी इथल्यापेक्षा जास्त टिकते, असं गाड्यांवरच्या एका लेखात वाचलं. अर्धंच पटलं. चेसिस नंबरची, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकाची, सुरुवात जे (J) या अक्षरानं झाली तर जपान, एमए ते एमई (MA ते ME) असेल तर भारत, इथवर ठीक. पण आतले सुटे भाग कुठून आले? आमच्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा गाड्या जुळवतात, सुरुवातीला तर बाहेरून आलेल्या भागांच्याच. ती गाडी कुठली म्हणायची?

आणि टिकण्याचं म्हणाल, तर माझ्या गाडीचा रेडिएटर दोनदा गेला. मी कंपनीला शिव्या घालत बसलो. मिस्त्रीनं टोपण उघडून दाखवलं, तर आत पांढरा थर, आमच्या पाणी तापवायच्या पातेल्यात बसतो तस्साच. इंजिन थंड ठेवणारं कूलंट महाग म्हणून उन्हाळाभर बोअरचं पाणी ओतलं होतं ना! मिस्त्री हसला, बिल मात्र पूर्ण लावलं.