'अर्थशास्त्र जसंच्या तसं लागू करा' म्हणणाऱ्यांना उत्तर

"कौटिल्याचं अर्थशास्त्र जसंच्या तसं लागू करा. कर कमी होतील, भ्रष्टाचार संपेल, सर्वांना सारखा न्याय मिळेल, शेजारी वठणीवर येतील." हा मजकूर व्हॉट्सअॅपवर सतत फिरतो. अर्थशास्त्र हा राज्यकारभारावरचा प्राचीन संस्कृत ग्रंथ. मुंबई विद्यापीठाने त्याची रा. प. कंगले यांनी केलेली चिकित्सक (हस्तलिखितं ताडून पाहिलेली) आवृत्ती तीन भागांत काढली आहे. तिच्यासमोर हे दावे टिकत नाहीत.

'तेव्हा कर फक्त सहावा हिस्सा होता.' शेतातल्या पिकापुरतं हे मूळ प्रमाण खरं. पण सिंचनाच्या पाण्याचा कर वेगळा: हाताने पाणी घातलं तर पिकाचा पाचवा भाग, खांद्यावरून आणलं तर चौथा, यंत्राने खेळवलं तर तिसरा. बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढं शुल्क. शिवाय वेठबिगार. तिजोरी आटली तर काय करावं, तेही ग्रंथाच्या पाचव्या अधिकरणात (विभागात) स्पष्ट आहे. सुपीक मुलखातून धान्याचा तिसरा किंवा चौथा हिस्सा मागावा. रातोरात एखादं देवस्थान 'प्रकट' करून यात्रा भरवावी आणि तिच्यावर पैसा उभा करावा. आज कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही (घटनेचा अनुच्छेद २६५) आणि वेठबिगारीला बंदी आहे (अनुच्छेद २३). आजच्या या संरक्षणांतलं काय सोडून द्यायचं आहे?

'कडक शिक्षेमुळे कोणी पैसे खात नव्हतं.' ग्रंथ नेमकं उलट सांगतो. अपहाराचे ४० प्रकार त्यात मोजले आहेत आणि पाण्यातला मासा पाणी कधी पितो हे जसं कळत नाही, तसं अधिकाऱ्याचंही कळत नाही, अशी कबुली दिली आहे. उपाय मात्र विलक्षण शहाणे आहेत. प्रत्येक खात्यावर अनेक प्रमुख नेमावेत, कोणालाच तिथे कायम ठेवू नये, आणि अपहार उघड करणाऱ्याला सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा. हे जरूर घ्या. आपल्याकडे जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला आणि वर्षानुवर्षं अमलातच आला नाही. त्यासाठी मेसेज फिरवा.

'सर्वांना सारखा न्याय.' नाही. अनेक गुन्ह्यांत दंड वर्णानुसार बदलतो, आणि चौकशीतल्या छळातून ब्राह्मणाला सूट आहे. मुळात छळ करून कबुली घेणं तिथे रीतसर आहे. आपल्या घटनेत समानतेचा अनुच्छेद १४ आहे आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

'शेजारी हा शत्रूच.' राजमंडलाची, म्हणजे राजाभोवतीच्या शत्रू-मित्र राज्यांच्या वर्तुळाची, मांडणी तशी आहे खरी. पण सातव्या अधिकरणात हेही आहे की तह आणि युद्ध यांत लाभ सारखाच असेल तर तह करावा, कारण युद्धात मनुष्यहानी आणि खर्च होतो.

राहिला सतत फिरणारा श्लोक, 'प्रजासुखे सुखं राज्ञः', म्हणजे प्रजेच्या सुखातच राजाचं सुख. सुंदर उपदेश आहे. राजाने तो ऐकलाच नाही तर? नाराज प्रजा शत्रूला मिळते किंवा राजाला मारते, एवढाच इशारा ग्रंथ देतो. प्रजेने राजाला बदलावं, त्याच्याकडे हिशेब मागावा, अशी सोय त्यात नाही. आपल्याजवळ मत आहे, न्यायालय आहे, २००५ चा माहितीचा अधिकार आहे. 'जसंच्या तसं' म्हणणारा माणूस आपल्याला हे सगळं परत करायला सांगतो आहे.