स्विंडनचा दाखला देण्याआधी

परळच्या रेल्वे वर्कशॉपच्या जागी टर्मिनस करायचं की ते जपायचं, हा विषय निघाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी इंग्लंडमधल्या स्विंडनच्या जुन्या रेल्वे कारखान्याचे फोटो टाकतंच. लाल-पिवळ्या दगडाविटांच्या शेड, लोखंडी खांब, खाली चकाचक दुकानं. सोबत ठरलेलं वाक्य : ‘बघा, तिकडे कसं जपतात!’ मी त्या दुकानांपासून दहा मिनिटांवर राहतो, त्यामुळे साक्षीला मलाच उभं करतात.

जपलंय, यात वाद नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा कारखाना 1843 मध्ये सुरू झाला. या रेल्वेचा मुख्य इंजिनियर ब्रुनेल याने सँडविच फेकलं आणि ते पडलं तिथे कारखाना बांधला, ही इथली आवडती थाप. खरं कारण रुक्ष आहे. चेल्टनमचा फाटा इथेच फुटत होता, पश्चिमेला चढउतार वाढत असल्याने इंजिन बदलायला ही जागा सोयीची होती आणि कोळसा आणायला शेजारी कालवा होता. डॅनियल गूच या चोविशीतल्या इंजिनियरने ते हेरलं. आधी दुरुस्ती, मग 1846 पासून अख्खी इंजिनं, पुढे डबेही. भरात असताना इथे चौदा हजारांवर माणसं कामाला होती. भोंगा इतका दूरवर ऐकू जायचा की एका उमरावाने झोपमोड होते म्हणून तक्रार केली. गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा किस्सा सांगताना हसू आवरत नाही.

पण मला दुकानांपेक्षा त्यांच्या आसपासचं जास्त सांगायचंय. कामगारांच्या पगारातून थोडे पैसे कापून 1847 मध्ये इथे वैद्यकीय निधी उभा राहिला. त्यातून डॉक्टर, औषधं, पुढे दवाखाना आणि पोहण्याचा तलावसुद्धा. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा 1948 मध्ये सुरू झाली, त्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. वाचनालय, नाटकं, व्याख्यानं यांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होती. ती इमारत कारखाना बंद झाल्यापासून पडीक आहे, दारं-खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. तिचा फोटो ग्रुपवर कुणी टाकत नाही. जिथे भाडं मिळतं त्या भिंती टिकल्या, कामगारांची स्वतःची वास्तू राहिली तशीच.

ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘इव्हनिंग स्टार’, 1960 मध्ये इथूनच बाहेर पडलं. 1986 मध्ये कुलूप लागलं. दुकानं उघडली 1997 मध्ये, संग्रहालय 2000 मध्ये. मधल्या अकरा वर्षांत या जागेवर कुणी सेल्फी काढायला येत नव्हतं. जपानी मोटारींचा मोठा कारखाना आला, त्याने बरंच सावरलं. तोही 2021 मध्ये गेला. आता गोदामं आहेत. त्यांत आपले गोंयकार भरपूर, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. बसमध्ये इंग्रजीइतकीच कोंकणी ऐकू येते, आणि माझ्या मालवणी कानाला ती बरी वाटते. पण पन्नाशीच्या फिटरला गोदामात खोकी उचलायला लावणं म्हणजे काय, हे माझ्या शेजाऱ्याला विचारावं. तो सोळाव्या वर्षी रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. डिस्काउंट असला तरी त्या दुकानांत तो जात नाही.

परळचं वर्कशॉप 1879 चं. त्या जागी टर्मिनस करायचा प्रस्ताव आला तेव्हा कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या, आणि आमचा ग्रुप दोन तटांत फुटला : एकाला टर्मिनस हवं, दुसऱ्याला ‘हेरिटेज’. हेरिटेजवाल्यांचा मला जास्त राग येतो, कारण त्यांना विटा दिसतात, माणसं नाहीत. लोअर परळच्या गिरणीत मॉल झालेला आपण पाहिलाय की! टर्मिनसवाल्यांचं म्हणणं तरी खरं आहे; दादरच्या पुलावर चेंगरणाऱ्याला मी इथून काय सांगणार?

तेव्हा टर्मिनस करायचंच असेल तर करा. पण आधी दुसरीकडे तितक्याच कामाचं वर्कशॉप चालू होऊ द्या, शिकाऊ मुलांची पहिली तुकडी तिथे रुजू होऊ द्या, मग परळला कुलूप लावा. आणि तोवर ग्रुपवर स्विंडनचे फोटो नकोत.