खुलासा : विरामचिन्हांबरोबर मात्राही जातात

सोलापुरातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय : पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 're' मॉड्यूलमध्ये (मजकूर शोधण्या-बदलण्याच्या तयार साधनात) 'शब्दाचं अक्षर किंवा मोकळी जागा नसेल ते सगळं काढा' असा पॅटर्न दिला, की कुठल्याही भाषेतली विरामचिन्हं निघून जातात. इंग्रजीपुरतं हे बरंचसं खरं आहे, अधोरेषा तेवढी राहते. मराठीसाठी मात्र हा सल्ला सपशेल चुकीचा आहे.

कारण पायथॉनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत. त्यामुळे 'सोलापूर'चं 'सलपर' होतं, 'शेंगा चटणी'ची 'शग चटण' आणि 'सिद्धेश्वर'चं 'सदधशवर'. एररही येत नाही. म्हणूनच हे जास्त घातक आहे. आपल्या शहरात कन्नड आणि तेलुगू मजकूरही भरपूर असतो, त्याचीही अशीच वाट लागते.

पायथॉनचं वेगळं 'रेजेक्स' मॉड्यूल टाकून घ्या आणि त्यात युनिकोडचा (सगळ्या लिप्यांतल्या अक्षर-चिन्हांना क्रमांक आणि गट देणाऱ्या मानकाचा) 'पी' हा विरामचिन्हांचा गट वापरा. दंड (।), दुहेरी दंड, गोल अवतरणचिन्हं सगळी त्यात येतात, मात्रांना धक्का लागत नाही. ₹ आणि + मात्र राहतात, ती 'एस' या इतर चिन्हांच्या गटातली.

काढलेल्या विरामचिन्हाच्या जागी रिकामी जागा ठेवा, नाहीतर 'सोलापूर-पुणे'चं 'सोलापूरपुणे' होईल. आणि चादरींच्या दरपत्रकावर हे चालवण्याआधी आकडे बाजूला काढा : टिंब उडालं की १२.५०चे १२५० होतात, रिकामी जागा ठेवली तर एका दराचे दोन आकडे.