"येते" म्हणजे "जाते", हे फोनला कोण सांगणार?

परवा रात्री वहिनीने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "वाच. आम्ही नाव मागे घेतोय." नाव माझ्या भाचीचं. ती नववीत आहे, तीन वर्षं जर्मन शिकते आणि मे महिन्यात शाळेच्या एक्स्चेंजमधून, म्हणजे दोन देशांतल्या शाळा मुलं एकमेकांकडे पाठवतात त्या कार्यक्रमातून, दोन आठवडे जर्मनीत एका घरी राहायला जायची होती. तोच मेसेज आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, तेव्हा मी सोडून दिला. आता तो घरात शिरलाय. कोथरूडमध्ये अठरा वर्षं जर्मनचे वर्ग घेतल्यावर मला गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फोन सगळं भाषांतर करून देतो, मग शाळेत परकी भाषा कशाला? एक्स्चेंज ही श्रीमंतांची सहल. परकी भाषा आली की मराठी सुटते. मुलं शिकतात आणि तिकडेच जातात. आणि दोन आठवडे कुणाकडे राहून कोणी कोणाला समजत नाही, देश जवळ येतात ते व्यापाराने.

फोनपासून सुरुवात करते, कारण वहिनीला तोच मुद्दा सगळ्यात पटलाय. आणि तिच्याच घरात तो खोटा ठरला होता.

गेल्या वर्षी दिवाळीआधी एक जर्मन मुलगी दादाकडे राहायला होती. एका संध्याकाळी शेजारच्या काकू चकल्यांचा डबा देऊन "येते गं" म्हणत निघाल्या. मुलीच्या हातात फोन होता, त्याने सांगितलं, "मी येते आहे." तिने टेबलावर एक कप जास्तीचा मांडला आणि दाराकडे बघत बसली. चहा निवला. अर्ध्या तासाने भाचीच्या लक्षात आलं. मग तिने आपल्या जर्मनमध्ये, चुकत-माकत, समजावलं की आपल्याकडे घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत, ते अशुभ वाटतं. मुलीने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग खरंच परत यायचं नसेल, तर काय म्हणतात?" भाचीला उत्तर येईना. तिने माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला विचारलं. आई म्हणाली, "तेव्हा माणूस बोलायला नसतंच."

हे वाक्य भाचीने जर्मनमध्ये कसं नेलं मला माहीत नाही. पण त्यानंतर त्या दोघी आणि आई रात्री अकरापर्यंत बसल्या होत्या. फोनने शब्द बरोबरच सांगितला होता, तरी ती मुलगी दाराकडे बघत बसली होती. तिला आत आणलं ते तीन वर्षांच्या मोडक्यातोडक्या जर्मनने.

"आपण" आणि "आम्ही"चंही तेच. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द, "विर". "आम्ही जेवायला बसतोय" म्हटलं तर समोरचा पंगतीबाहेर राहतो, "आपण" म्हटलं तर पंगतीत येतो. फोनमध्ये हा फरक गळून जातो. भाचीने सांगितल्यावर ती मुलगी कान देऊन ऐकायला लागली, घरात कोण कधी आपल्याला धरून बोलतं ते. रस्ता विचारायला, औषधाचं नाव वाचायला फोन जरूर वापरा, मीही वापरते. पण ग्युंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक मराठी शिकला, धनगरांबरोबर हिंडला, खंडोबावर त्याने वर्षानुवर्षं काम केलं. धनगर त्याच्याशी बोलले कारण तो त्यांच्या भाषेत विचारत होता.

श्रीमंतांची सहल? यात तथ्य आहे, मान्य करते. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हे सगळ्यांना झेपत नाही. काही ठिकाणी एक्स्चेंजच्या नावाखाली बसमधून पाच शहरं दाखवतात आणि खरेदी करून परत आणतात, तेही मी पाहिलंय. जर्मन "स्कोअरिंग" म्हणून घेतात, भरपूर मार्क मिळवतात आणि पाणी मागता येत नाही, अशी मुलं दर जूनमध्ये माझ्याकडे येतात. पण हा दोष बोलायची संधी न मिळण्याचा आहे, आणि मेसेज उरलीसुरली संधीही काढून घ्या म्हणतो. खऱ्या एक्स्चेंजमध्ये राहणं-जेवणं घरीच असतं, हॉटेल नाही. परदेशी मुलांना विज्ञान बघायला बोलावणाऱ्या जपानच्या साकुरा सायन्स कार्यक्रमात तर आपल्या सरकारी शाळांतली मुलंही जाऊन आली आहेत, तिकडच्या खर्चाने.

मराठी सुटते म्हणे! बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी पुण्यात संस्कृत शिकले, श्रीलंकेत पाली शिकले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, हार्वर्डला आणि लेनिनग्राडला जाऊन काम केलं आणि लिहिलं मराठीत. माझ्या वर्गात तर उलटंच घडतं. "वाइल इश क्रांक बिन" याचं मराठी शब्दाला शब्द ठेवून "कारण मी आजारी आहे" असं होतं, क्रियापद दोन्हीकडे शेवटी. इंग्रजीत ते मधे येतं. जर्मनला तीन लिंगं, आपल्यालाही तीन. इंग्रजी माध्यमातली मुलं "टेबल तो की ते?" यावर भांडतात, घरी जाऊन आजीला विचारतात. मराठी सुटते ती घरात कोणी बोलत नाही म्हणून. त्याचं खापर जर्मनवर फोडू नका.

मुलं तिकडेच जातात याबद्दल एवढंच, की जर्मनचं एक अक्षर न शिकलेलीही जातात. आणि जर्मन शिकलेली कित्येक चाकणला नोकरी करून रात्री घरी जेवायला असतात.

राहिला व्यापार. १८७० ते १९४५ या काळात फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले. नंतर कोळसा आणि पोलाद यांचा करार आधी झाला, १९५१ मध्ये, हे खरं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. त्यात परराष्ट्र धोरण आणि संरक्षणाच्या जोडीला तिसरा विषय होता शिक्षण आणि तरुण मुलं. एकमेकांची भाषा शाळेत शिकवायची, मुलांना एकमेकांकडे पाठवायचं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यासाठी दोन्ही सरकारांनी मिळून एक कार्यालय काढलं. आजवर ९० लाखांहून जास्त तरुण त्याच्या कार्यक्रमांतून गेले आहेत. ज्यांच्या बापांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, त्या पोरांना एकमेकांच्या घरात झोपायला पाठवायचं, हा निर्णय युद्ध संपून अठरा वर्षं झाली असताना घेतला. व्यापाराने भागणार होतं तर त्यांना याची गरज का वाटली?

वहिनी, फॉर्म शुक्रवारपर्यंत आहे. पैशांची अडचण असेल तर तसं सांग. तिकिटाचे निम्मे मी भरते, दादाशी मी बोलते. तिला एवढ्या लांब पाठवायची भीती वाटत असेल तर तेही सांग. त्या घरच्या आईशी मी फोन जोडून देते, तू मराठीत विचार, मी जर्मनमध्ये सांगते. पण पोरीला कारण म्हणून तो मेसेज दाखवू नकोस. ती काल माझ्याकडे आली होती. काही बोलली नाही, नुसतं वहीत काहीतरी लिहीत बसली होती. निघताना मात्र "येते" म्हणाली नाही.