खुलासा : ‘एए’च्या सभेसाठी फी किंवा ओळखपत्र लागत नाही

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेला जाण्याआधी फी भरावी लागते, ओळखपत्र दाखवावे लागते आणि दारू पूर्ण सुटलेली असावी लागते, असा एक संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्यामुळे एखादा माणूस दारातूनच परत फिरू शकतो, म्हणून हा खुलासा.

१९३५ साली सुरू झालेल्या या संघटनेत सदस्यत्वाची एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. शुल्क नाही, सभेत फिरणाऱ्या पेटीत ज्याला जमेल त्याने पैसे टाकावेत, नवख्याने ती तशीच पुढे सरकवली तरी कोणी वळून पाहत नाही. नुसते पहिले नाव सांगितले तरी चालते आणि बोलायचे नसेल तर ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हणणे पुरते.

जवळचा गट संघटनेच्या हेल्पलाइनवर किंवा संकेतस्थळावर सापडतो. मात्र सभा ‘खुली’ आहे की ‘बंद’, हे आधी विचारावे, कारण बंद सभेत नातेवाइकांना बसता येत नाही. त्यांच्यासाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे वेगळे गट असतात.

याच संदेशातील ‘आधी घरीच दारू एकदम बंद करा’ हा सल्ला तर धोकादायक आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू बंद करावी.