गुडघ्याखाली रक्त कमी पडते, हा समज खरा नाही

“गुडघ्याखालच्या कातडीला रक्तच कमी, म्हणून नडगीचे हाड उघडे पडले तर आधी मांडीची कातडी लावून पाहावी, ती धरली नाही तर पाय कापावा, फ्लॅप काळाच पडतो,” असा मजकूर अपघातग्रस्तांच्या नातेवाइकांमध्ये मोबाइलवर फिरत असतो. फ्लॅप म्हणजे रक्तपुरवठ्यासह उचलून जखमेवर आणलेला कातडीचा वा स्नायूचा जाड तुकडा. घाबरलेल्या माणसाला तो पटकन पटतो, म्हणून त्याचे उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

रक्त कमी असते, हे मूळ विधानच चुकीचे आहे. गुडघ्यामागून उतरणाऱ्या धमनीला खाली तीन मोठ्या शाखा फुटतात आणि त्यांतून निघालेल्या, जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या वाहिन्या स्नायूंच्या फटींतून वर येत, स्नायूंवरचा चिवट पडदा भेदून कातडीत पसरतात. पूर्वी फ्लॅप उचलताना हा पडदा खालीच सोडला जाई, त्यामुळे फ्लॅपची लांबी रुंदीपेक्षा वाढली की टोक काळे पडे. पायाची अपकीर्ती झाली ती तेव्हापासून. १९८१ साली स्वीडनचे शल्यचिकित्सक बेंग्ट पाँटेन यांनी कातडीसोबत पडदाही उचलला, तेव्हा रुंदीच्या अडीचपट लांबीचे फ्लॅप जगले. पाय तसाच होता, रक्तही तेवढेच होते. आता तर शस्त्रक्रियेपूर्वी पेनाएवढे डॉपलर यंत्र पायावर फिरवतात, जिथे नाडीचा सूं-सूं आवाज येतो तिथे शाईने फुली मारतात आणि तेवढ्या एका वाहिनीवर कातडीचा तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरवून जखमेवर आणतात.

मांडीची कातडी म्हणजे पातळ पापुद्रा. सुरुवातीचे पोषण तो खालच्या थरातूनच शोषतो. लालसर मांसावर तो छान धरतो, पण आवरण निघालेल्या कोरड्या हाडावर किंवा धातूच्या प्लेटवर धरत नाही. तेव्हा तो न धरणे हे पाय कापण्याचे कारण होऊच शकत नाही.

फ्लॅप कधी कधी काळा पडतो, हे खरे. पण पुष्कळदा त्याआधी तो जांभळट होतो, कारण आलेले रक्त शिरांतून परत जात नाही. हे वेळीच दिसले, तर टाके सैल करून किंवा वाहिनीला पडलेला पीळ सोडवून तो वाचवता येतो. तंबाखूमुळे किंवा मधुमेहामुळे धमन्या तुंबल्या असतील, तर धोका नक्कीच वाढतो. पाय पार चेंगरला असेल, तर तो कापणेही योग्य ठरू शकते, मात्र ते पाय तपासून ठरवायचे असते.

“आधी लावून पाहावी” यात जाणारे दिवसच सर्वांत महाग पडतात. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना शहराचे शल्यचिकित्सक मार्को गोदिना यांच्या, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ५३२ रुग्णांच्या नोंदींत, दुसरीकडची कातडी वा स्नायू आणून सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडलेल्या फ्लॅपपैकी पहिल्या ७२ तासांत केलेले १ टक्क्याहूनही कमी वाया गेले. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केलेल्यांपैकी मात्र १२ टक्के.