तूप तोडून रक्तातील चरबी उतरेल का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ग्लायकोजेन साठवण विकाराच्या (यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, नीट वापरता न येण्याच्या जन्मजात आजाराच्या) पहिल्या प्रकारातील मुलांच्या रक्तात चरबी वाढते असे मी लिहिले, तर तूप-तेल बंद करा असे का सांगितले नाही, हा आपला पहिला आक्षेप आहे. अंगात एवढी चरबी असताना मूल रात्र काढू शकेल, त्याला झोपेतून उठवून कच्चे कॉर्नफ्लोअर पाजण्याऐवजी ज्वारीची भाकरी पुरे, हा दुसरा.

ही चरबी मुख्यतः ताटातून आलेली नसते. यकृतात ग्लायकोजेन ठासून भरलेले असते, पण ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) काम करू शकत नसल्यामुळे त्यातून ग्लुकोज रक्तात सोडता येत नाही. रक्तातली साखर घसरली की अंगावरच्या मेदातून मेदाम्ले सुटून यकृताकडे येतात, आणि अडकून पडलेल्या ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून लॅक्टेट (एक आम्लजन्य पदार्थ) व नवी चरबी तयार होत राहते. ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) फार चढलेल्या मुलाचे रक्त नळीत ठेवले, तर वरचा द्रव दुधासारखा पांढरा दिसतो. साखर वेळच्या वेळी सावरली तर तो बराच निवळतो. नुसते तूप तोडून नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण निरोगी मूल उपाशी राहिले की खरोखरच मेदाम्ले जाळून कीटोन बनवते आणि मेंदूला ते इंधन म्हणून चालतात. पहिल्या प्रकारात मात्र यकृतात मॅलोनिल-कोएन्झाइम-ए (नवी चरबी बनताना तयार होणारा पदार्थ) वाढलेले असते आणि ते मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या, मेदाम्ले जाळणाऱ्या भागात) शिरू देत नाही, त्यामुळे चरबी भरपूर असूनही कीटोन जेमतेम तयार होतात. याच विकाराच्या तिसऱ्या प्रकारात मात्र उपाशीपोटी कीटोन चांगलेच वाढतात. आपण उल्लेख केलेल्या नातलगाच्या मुलाचा प्रकार कोणता, हे आधी अहवालात पाहावे.

भाकरी रात्रभर पुरते, हा आपल्या मराठवाड्यातल्या कष्टकऱ्यांचा अनुभव खरा आहे, पण त्यांचे यकृत साठ्यातून साखर सोडत असते. तव्यावर भाजलेल्या पिठातले स्टार्च लवकर पचते. कच्चे मक्याचे स्टार्च, म्हणजेच कॉर्नफ्लोअर, सावकाश पचते, म्हणूनच १९८४ पासून ते या विकारात वापरले जाते. ते गार पाण्यात कालवावे, तळाशी बसते म्हणून पाजताना पुन्हा ढवळावे. गरम दुधात घालू नये: ते शिजते, शिवाय दुधातली आणि गुळातली साखर या मुलांचे लॅक्टेट वाढवते. येळवशीला (वेळ अमावस्येला) रानात पंगत उशिरा बसते, त्या दिवशीही मुलाचा कॉर्नफ्लोअरचा पेला ठरल्या वेळीच द्यावा. मात्रा वजनावर आणि साखरेच्या नोंदींवर ठरते, ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.